मार्क पायऱ्यांना असतात : युद्धातलं खोटं उघड्या माहितीवरून कसं पकडतात

मे २०२५. ऑपरेशन सिंदूरनंतरच्या त्या तीन-चार रात्री आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी झोपलंच नाही. अकराच्या सुमाराला एका काकांनी व्हिडिओ टाकला. काळ्या आकाशात लाल ठिपक्यांची माळ वर सरकते, एका विमानाला गाठते आणि भडका उडतो. खाली ओळ : 'आपल्या पोरांनी पाडलं. फॉरवर्ड करा.' दहा मिनिटांत अंगठे आणि तिरंगे यांचा पाऊस. मग बी विंगमधल्या अकरावीतल्या मुलाने लिहिलं, 'काका, हे आर्मा थ्री आहे.' काकांना वाटलं, पडलेल्या विमानाचं नाव असावं.

आर्मा थ्री हा एका झेक कंपनीचा कॉम्प्युटर गेम, २०१३ साली आलेला. त्यातली दृश्यं युक्रेन, सीरिया, गाझा अशा मिळेल त्या लढाईच्या नावावर इतकी खपवली गेली, की नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीनेच पत्रक काढून आमचा गेम कसा ओळखायचा ते लोकांना सांगितलं. चित्र अंधुक असतं, बहुतेकदा रात्रीचं. कॅमेरा उगाच थरथरतो. आवाज नसतो, आणि माणसं जवळजवळ दिसतच नाहीत.

काकांनी विचारलं, 'कशावरून?' रागाने विचारलं, पण प्रश्न अगदी बरोबर होता. पोराकडे उत्तर होतं, पायऱ्या नव्हत्या. अर्ध्या तासाने त्याने यूट्यूबवरची मूळ क्लिप शोधून टाकली, दोन्ही व्हिडिओ शेजारी लावले आणि दाखवलं की ठिपके, धूर, भडका सगळं सेकंदाला सेकंद जुळतंय. काका गप्प झाले. माफी वगैरे मागितली नाही, शेवटी काकाच.

शाळेत गणिताच्या बाई म्हणायच्या, नुसत्या उत्तराला मार्क नाहीत, पायऱ्या लिहा. ज्याला जगभर 'ओपन सोर्स' शोधकाम किंवा थोडक्यात 'ओसिंट' म्हणतात, ते या एका वाक्यात बसतं. सॉफ्टवेअरवाल्यांच्या ओपन सोर्सशी त्याचा संबंध नाही. इथे 'सोर्स' म्हणजे माहितीचा उगम, आणि 'ओपन' म्हणजे तो कोणालाही बघता येण्याजोगा : फेसबुकवरचा फोटो, गाडीच्या काचेवरच्या कॅमेऱ्याने टिपलेला रस्ता, विकत मिळणारं उपग्रहचित्र, विमानं आणि जहाजं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या वेबसाइट, सरकारी नोंदी. गुप्तहेर म्हणतो, 'माझा माणूस आत आहे, विश्वास ठेवा.' ओसिंटवाल्याला तसं म्हणायची सोयच नाही. त्याला फोटो, नकाशा आणि खुणा समोर ठेवाव्या लागतात, आणि वाचणाऱ्याला वाटलं तर त्याने घरी बसून तेच गणित पुन्हा करून बघावं.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते समजायला एकच प्रकरण नीट बघू.

१७ जुलै २०१४. ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं मलेशिया एअरलाइन्सचं एमएच १७ हे बोइंग ७७७ विमान पूर्व युक्रेनवरून, ३३ हजार फुटांवरून जात होतं. खाली युक्रेनचं सैन्य आणि रशियाच्या पाठिंब्यावरचे फुटीरवादी यांची लढाई चालू होती. तिथल्या वेळेनुसार दुपारी ४ वाजून २० मिनिटांनी विमान हवेतच फुटलं. २९८ माणसं गेली. त्यांतली १९६ नेदरलँड्सची होती. शेतांमध्ये, सूर्यफुलांच्या वाफ्यांत सामान आणि देह विखुरले.

त्यानंतर अर्ध्या तासाच्या आसपास फुटीरवाद्यांचा सेनापती इगोर गिरकिन, टोपणनाव स्त्रेलकोव, याच्या नावाने चालणाऱ्या एका पानावर मजकूर आला : तोरेझजवळ युक्रेनचं मालवाहू विमान पाडलं, 'आमच्या आकाशात उडू नका' म्हणून आधीच बजावलं होतं. पडलेलं विमान प्रवासी होतं हे कळल्यावर मजकूर गायब झाला. पण जुनी वेबपानं साठवून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हने तोवर त्याची प्रत घेतली होती. पान त्याचे चाहते चालवायचे, त्यामुळे तो एकटा पुरावा म्हणून लंगडाच. पण कुठे बघायचं, ते कळलं.

त्या दोन-तीन दिवसांत आणखी काही फोटो आणि व्हिडिओ फिरत होते. ट्रकच्या ट्रेलरवर बसवलेलं, विमानं पाडणारं 'बुक' क्षेपणास्त्रांचं वाहन, वेगवेगळ्या गावांतून जाताना. योगायोग असा की एलियट हिगिन्स या इंग्रज माणसाने त्याच आठवड्यात 'बेलिंगकॅट' ही संस्था सुरू केली होती. हिगिन्स ना लष्करातला, ना पत्रकार. लेस्टरमधल्या घरी बसून सीरियातल्या युद्धाचे यूट्यूब व्हिडिओ पाहत तो शस्त्रं ओळखायला शिकला होता. त्याच्याभोवती जमलेले लोकही त्याच जातकुळीचे, म्हणजे चिवट आणि रात्री जागणारे. मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत जास्त कौतुक वाटतं ते या चिवटपणाचं. हुशारी बरीच आहे, पण चिकाटी तिच्या दुप्पट आहे.

आता एक व्हिडिओ जवळून बघू. १८ जुलैच्या पहाटेचा, काही सेकंदांचा. बुक ट्रेलरवरून चाललंय. त्यावर चार क्षेपणास्त्रं असतात; एक नाही. युक्रेन म्हणाला, हे लुहान्स्क शहर आहे, फुटीरवाद्यांच्या ताब्यातलं, आणि बुक रशियाकडे परत नेलं जातंय. २१ जुलैला रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने मॉस्कोत मोठी पत्रकार परिषद घेतली आणि सांगितलं, छे, हे क्रास्नोआर्मेय्स्क, युक्रेनच्याच ताब्यातलं शहर. पुरावा काय? व्हिडिओत एक जाहिरातीचा फलक दिसतो, त्यावर तिथल्या एका गाड्यांच्या दुकानाचा पत्ता आहे म्हणे.

व्हिडिओत फलक होता हे खरं. अक्षरं मात्र वाचता येण्याइतकी स्पष्ट नव्हती. मग शोधणाऱ्यांनी चौक शोधला : फलक कोणत्या बाजूला, वरच्या तारा कशा गेल्यात, झाडांमागे काय डोकावतंय. जागा लुहान्स्कमध्ये निघाली. तिथल्या माणसांनी जाऊन त्याच फलकाचे फोटो काढले. फलक तोच, आणि त्यावर मंत्रालयाने सांगितलेला पत्ता नव्हता, भलताच मजकूर होता. एका सरकारच्या संरक्षण मंत्रालयाने जगासमोर, पडदे-नकाशे लावून सांगितलेली गोष्ट रस्त्याकडेच्या होर्डिंगने खोटी पाडली.

ट्रकचीही गंमत आहे. पांढरी व्होल्वो, आणि तिच्या अंगावर भाड्याने मिळेल म्हणून फोन नंबर रंगवलेला. पत्रकारांनी तो नंबर फिरवला. मालक म्हणाला, गाडी फुटीरवाद्यांनी माझ्याकडून काढून घेतलीय.

जागा पक्की करणं ही पहिली पायरी. दुसरी म्हणजे वेळ. तोरेझ गावातल्या फोटोत रस्त्याकडेचं दुकान होतं. पाटी आणि त्या रस्त्यावरून गेलेल्या कुणाच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ यांवरून जागा सापडली. आता त्या जागेवर, त्या तारखेला, सूर्य कुठे असेल हे गणिताने काढता येतं, त्यासाठी फुकट वेबसाइट आहेत. सावलीची दिशा मोजा, वेळ मिळते. फोटो दुपारचा निघाला, म्हणजे विमान पडण्याच्या काही तास आधीचा. हे बुक सकाळी दोनेत्स्क, मग झुह्रेस, तोरेझ, स्निझ्ने असं पूर्वेकडे सरकत गेलं, आणि शेवटचा थांबा क्षेपणास्त्र जिथून सुटलं त्या शेताच्या रोखाने होता.

सावलीचं हे प्रकरण आपल्याला परकं नाही. पुण्यात १३-१४ मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस असतो. शाळेची मुलं अंगणात बाटली उभी करतात आणि भर दुपारी तिची सावली बुडाखाली नाहीशी होते. तिथून जुलैच्या अखेरपर्यंत आपल्याकडे मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. एरवी वर्षभर उत्तरेला. दोनेत्स्क मात्र ४८ अंश उत्तरेला आहे. तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, दुपारची सावली बारा महिने उत्तरेलाच. म्हणजे कुणी 'युक्रेन, भर दुपार' म्हणून बिनसावलीचा खांब दाखवला, तर पुढचं काही बघायचीही गरज नाही.

पण बुक आलं कुठून? असली वाहनं युक्रेनकडेही होती. इथे जे झालं ते मला सगळ्यात आवडतं. जून २०१४ मध्ये रशियातल्या कुर्स्कहून ५३ व्या विमानविरोधी ब्रिगेडचा ताफा सीमेच्या दिशेने निघाला होता. रस्त्यात लोकांनी सहज म्हणून त्याचे व्हिडिओ काढून टाकले होते, आपण एखादी मिरवणूक काढतो तसे. त्या ताफ्यातल्या एका बुकच्या नंबरातला मधला आकडा पुसट झालेला. चाकांच्या साखळीवर, धूळ अडवायला, एक रबरी पट्टा असतो. तो वापरून वापरून फाटतो, वाकतो, आणि प्रत्येक वाहनाचा वेगळ्या जागी. स्टँडवर वीस एसट्या लागल्या तरी रोजची एसटी आपण मागच्या पोच्यावरून ओळखतोच की! या मंडळींनी तेच केलं. दोनेत्स्कमधल्या फोटोतला पट्टा घेतला, रशियातल्या ताफ्यातल्या एकेका बुकशी लावून बघितला. पट्ट्याच्या सगळ्या खाचा एकाच बुकशी जुळल्या, मधला आकडा गेलेल्या. नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया, बेल्जियम, मलेशिया आणि युक्रेन यांच्या अधिकृत संयुक्त तपास पथकानेही, स्वतःचा तपास करून, २४ मे २०१८ रोजी तेच जाहीर केलं : बुक कुर्स्कच्या ५३ व्या ब्रिगेडचं.

सैनिकांनीही मदत केली, नकळत. सीमेवर आल्याचे सेल्फी ते रशियन समाजमाध्यमांवर टाकत होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये रशियाच्या संसदेने सैनिकांना ड्यूटीवर स्मार्टफोन बाळगायला आणि असल्या पोस्ट टाकायला बंदी घालणारा कायदा मंजूर केला, यावरून त्यांना त्या सेल्फींची किती धास्ती बसली होती ते कळतं.

या काळात रशियाची बाजू काय होती? एक असती तर बरं झालं असतं. आधी म्हणाले, जवळ युक्रेनचं एसयू-२५ लढाऊ विमान होतं. त्याच पत्रकार परिषदेत युक्रेनच्याच बुककडेही बोट दाखवलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथल्या सरकारी वाहिनीने तर उपग्रहचित्रच दाखवलं : लढाऊ विमान प्रवासी विमानावर क्षेपणास्त्र सोडतंय! लगेच त्याची पिसं निघाली. जमीन गूगल अर्थवरच्या जुन्या, २०१२ सालच्या चित्रातली होती, आणि प्रवासी विमान इतकं मोठं की खालच्या जमिनीच्या मापाने किलोमीटरांत लांबी भरावी. २०१५ मध्ये बुक बनवणारी कंपनी म्हणाली, बुकच होतं, पण दुसऱ्या गावाजवळून सुटलं. २०१८ मध्ये म्हणणं आलं की क्षेपणास्त्र १९८६ सालीच युक्रेनला पाठवलेलं, आणि बुकचे व्हिडिओ बनावट. वड्याचं तेल वांग्यावर. लक्षात घ्या, पहिलं खरं मानलं तर शेवटचं खोटं ठरतं, पण सांगणाऱ्याला त्याची फिकीर नव्हती. कुठलंही एक पटावं अशी त्याची अपेक्षाच नसते. 'जाऊ दे, यात कोण खरं कोण खोटं कळणारच नाही' असं म्हणत ऐकणाऱ्याने टीव्ही बंद केला, की काम झालं.

आता दुसरी बाजू, कारण शोधणारेही चुकतात. रशियाच्या मंत्रालयाने त्या पत्रकार परिषदेत युक्रेनच्या बुककडे बोट दाखवताना लावलेली उपग्रहचित्रं १४ आणि १७ जुलैची नसून आधीची आहेत असं बेलिंगकॅटने मे २०१५ मध्ये दाखवलं. एका भागात मात्र त्यांनी चित्रात फेरफार झालाय हे ठरवायला अशी एक संगणकी पद्धत वापरली, जिच्यावरून ठामपणे काही बोलता येत नाही. प्रतिमांचे जाणकार तुटून पडले. कॉफीचा गाळ बघून भविष्य सांगण्यातला प्रकार, असं एका जर्मन तज्ज्ञाने सुनावलं. टीका रास्त होती. अहवाल तरीही उभा राहिला, तो दुसऱ्या, साध्या पायरीवर. चित्रांत दिसणाऱ्या युक्रेनच्या लष्करी तळाजवळ झाडीचे काही पट्टे होते. विकत मिळणाऱ्या जुलैच्या चित्रांत ते साफ केलेले दिसतात. रशियाच्या चित्रांत झाडी जागच्या जागी उभी. झाडं आठवड्यात वाढून पुन्हा गायब होत नाहीत. पुढे त्यांनी १७ जुलैचं चित्रच विकत घेतलं, आणि तेही रशियाच्या चित्राशी जुळलं नाही. चूक कुठली आणि खरं कुठलं हे बाहेरच्यांना वेगळं काढता आलं, कारण दोन्ही कागदावर होतं.

ही रीत पुढे कोर्टापर्यंत पोचली. १५ ऑगस्ट २०१७ रोजी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातला एक लष्करी कमांडर, महमूद अल-वरफल्ली, याच्यावर ३३ माणसांच्या हत्येबद्दल अटक वॉरंट काढलं. त्यातला मोठा पुरावा म्हणजे समाजमाध्यमांवर टाकलेले हत्यांचेच व्हिडिओ. त्यांतल्या एकाची जागा शोधणाऱ्यांना उपग्रहचित्रात मातीवर काळसर डाग सापडले, माणसं गुडघ्यावर बसवली होती तिथेच. २०२२ मध्ये युक्रेनमधल्या बुचा गावात रस्त्यावर मृतदेह सापडले. आमचं सैन्य ३० मार्चला निघून गेल्यावर हे रचलं गेलं, असं रशिया म्हणाला. १९ मार्चच्या उपग्रहचित्रात याब्लोन्स्का रस्त्यावर ते देह त्याच जागी होते.

व्हिडिओ टिकले तर हे सगळं. २०१७ मध्ये हिंसक मजकूर हटवण्याच्या मोहिमेत यूट्यूबच्या यंत्रणेने सीरियातल्या युद्धाचे हजारो व्हिडिओ काढून टाकले. ज्यांनी जीव धोक्यात घालून ते चित्रित केले, त्यांचे अख्खे चॅनेल गेले. बर्लिनमधल्या सीरियन अर्काइव्हसारख्या संस्था आता आधी प्रत ठेवतात, मग विचार करतात. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने आणि बर्कली विद्यापीठाने असला पुरावा कसा जमवावा, जपावा, याची नियमावलीही काढली.

आणि जिथे घाई होते तिथे हीच रीत घातक ठरते. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटानंतर इंटरनेटवरच्या हौशी शोधकांनी गर्दीच्या फोटोंवर लाल गोल काढून एका बेपत्ता विद्यार्थ्याला दहशतवादी ठरवलं. त्याचा काही संबंध नव्हता. तो आधीच मरण पावला होता, आणि त्याच्या घरच्यांनी त्या दुःखात शिव्याही खाल्ल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझातल्या अल-अहली रुग्णालयातल्या स्फोटाचे तेच ते व्हिडिओ बघून चांगल्या चांगल्या चमूंचे निष्कर्ष जुळले नाहीत. रात्रीच्या आकाशातला एक ठिपका कुठून निघाला हे सांगणं फार अवघड असतं, आणि 'माहीत नाही' लिहायला धैर्य लागतं.

मे २०२५ च्या त्या रात्री आपल्या काही वाहिन्यांनी तेवढंही धैर्य दाखवलं नाही. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची बातमी त्यांनी दिली. तसं काही झालंच नव्हतं. तिकडून गुजरातच्या हजिरा बंदरावर हल्ला झाल्याचा व्हिडिओ आला. तो जुलै २०२१ मधल्या तेलाच्या टँकरच्या स्फोटाचा निघाला. ऑगस्ट २०२० मधला बैरूतचा स्फोटही पाकिस्तानी क्षेपणास्त्र म्हणून फिरला. हे पकडायला बुकच्या रबरी पट्ट्याइतकी मेहनत लागत नाही. व्हिडिओ थांबवून एक चित्र काढायचं, ते गूगल लेन्समध्ये टाकायचं, जुनी तारीख समोर येते. मुंबईतलं 'बूम' किंवा अहमदाबादचं 'अल्ट न्यूज' यांच्या कितीतरी तपासण्यांची पहिली पायरी हीच असते. एआयने बनवलेली दृश्यं आल्यापासून ती पुरत नाही, कारण नव्या बनवलेल्या चित्राला जुनी तारीखच नसते. मग पुन्हा चौक, पाटी, तारा, सावली. यंत्राने बनवलेल्या शहराला नकाशावर जागा नसते.

एमएच १७ चा खटला नेदरलँड्समध्ये चालला. १७ नोव्हेंबर २०२२ रोजी न्यायालयाने मान्य केलं की बुक रशियातून आलं, पेर्वोमाइस्की गावाजवळच्या शेतातून क्षेपणास्त्र सुटलं आणि नंतर बुक परत नेलं गेलं. गिरकिनसह तिघांना, त्यांच्या गैरहजेरीत, जन्मठेप झाली. चौथा आरोपी ओलेग पुलातोव पुराव्याअभावी सुटला.

८ फेब्रुवारी २०२३ रोजी संयुक्त तपास पथकाने तपास थांबवला. क्षेपणास्त्र पुरवण्याचा निर्णय खुद्द पुतिन यांच्यापर्यंत गेला असल्याचे भक्कम संकेत आहेत, पण खटला भरण्याइतका पुरावा नाही, असं त्यांनी सांगितलं. बुक प्रवासात कुठे होतं, कुठल्या चौकातून वळलं, त्याचा पट्टा कुठे फाटला होता, हे आज कोणालाही घरबसल्या तपासता येतं. त्या दुपारी त्याच्या आत कोण बसलं होतं, आणि बटण कोणी दाबलं, ते कुठल्याच फोटोत नाही.